घड्याळवालीचा पेंटर

एके काळी वर्धा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांच्या भिंतींवर माझं साहित्य झळकत होतं. पुस्तकं छापणाऱ्या लेखकांना एवढी जागा कुठून मिळणार! फरक इतकाच, की माझं साहित्य कुणी वाचत नसे. त्याच्या शेजारचं चित्र मात्र लोक सायकलवरून उतरून बघत, आणि ते चित्र सोमाजी पेंटरचं असे.

मी कुटुंब नियोजनाचा प्रचारक होतो. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. 'दोन मुलं पुरेत' हे गावोगाव सांगत फिरणं, ही माझी नोकरी. माझं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. सभेला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून विचारत, "साहेब, तुमाले किती?" मी खरं ते सांगितलं की सभा तिथेच संपे. पुरुष तर सभेला येतच नसत. त्या वर्षांत आमची जीप दिसली की नसबंदीच्या धाकाने चांगले मिशीवाले गडी तुरीत शिरत आणि जीप परत जाईपर्यंत तुरीतच बसत. मी आपला शाळेच्या ओट्यावर उभा राहून चार म्हाताऱ्यांना लहान कुटुंबाचं महत्त्व पटवून द्यायचो. त्या बिचाऱ्या मान डोलावत.

माणसं ऐकत नाहीत तर निदान भिंतींना सांगावं, म्हणून खात्याने पेंटर नेमला. घोषणा मी रचायच्या, भिंतीवर त्याने उतरवायच्या. मला कवितेचं वेड होतं. पहिल्याच दिवशी मी सोमाजीला वहीतून वाचून दाखवलं, "संततीचे नियमन हेचि समृद्धीचे सोपान, जाणुनी घे हे सुजाण, तरीच लाभे समाधान." वाचून झाल्यावर मी दाद मिळण्याची वाट बघत थांबलो. सोमाजीने कानावरची बिडी काढली, पेटवली आणि म्हणाला, "साहेब, हे वाचून होईपर्यंत मानसाले तिसरं लेकरू होऊन जाईन."

पुढे माझं लग्न झालं आणि मला तीन मुलं झाली. तिसऱ्याच्या वेळी सोमाजी भेटायला आला, पाळण्यात वाकून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "मी म्हटलंतं तुमाले. घोषणा लंबी हाय." नोकरीवर गदा येऊ नये म्हणून मी ते बारसं अगदी घरच्या घरी उरकलं होतं. तरी त्याला कळलंच.

सोमाजी बोरगाव मेघ्याचा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, काटक, डोक्यावर केस नावापुरते. अंगात कायम पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा. रंगाचं काम करणाऱ्याने पांढरे कपडे घालणं हीच मुळात बढाई होती, आणि बढाई मारायला सोमाजीला मनापासून आवडे. दिवसभर चुन्यात, गेरूत, निळीत हात घालून संध्याकाळी हा माणूस लग्नाला निघाल्यासारखा स्वच्छ. मी चार हात लांब नुसता उभा असायचो, तरी माझी पँट गेरूने भरलेली. "रंग मानूस पाहून उडते, साहेब," असं तो म्हणायचा. हे कौतुक आहे असं मी बरेच दिवस समजत होतो.

प्रत्येक चित्राखाली तो 'आर्टिस्ट सोमाजी, बोरगाव मेघे' असं लिही, आणि ते खात्याच्या नावापेक्षा मोठं असे. खात्यातले माझे वरिष्ठ, डॉक्टरसाहेब, यांनी त्यावरून मला झापलं. मी सोमाजीला समजवायला गेलो, तर तो म्हणाला, "खात्याचं नाव तं साऱ्याईले माईत हाय. माहं कोनाले माईत हाय? ज्याचं माईत नाई त्याचं मोठं लिहा लागते." घोषणेखाली माझंही नाव बारीक अक्षरात टाकता येईल का, असं मी विचारणार होतो. पण तो विषय मग काढलाच नाही.

त्याच्या कामाच्या तऱ्हा तीन. घाईचं काम असलं की पत्र्याचा ठसा. पत्र्यात अक्षरं कापलेली, पत्रा भिंतीला लावायचा आणि वरून गेरूचं फडकं मारायचं. या कामात सोमाजीचा जीव रमत नसे. "हे पोस्टातलं काम हाय. ठप्पा मारा अन् घरी जा," म्हणायचा. दुसरं अक्षरांचं काम. निळीत भिजवलेली सुतळी दोघांनी दोन टोकांना धरून ताणायची आणि मधे टिचकी मारायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. एक टोक धरायचं काम माझ्याकडे असे. माझा हात हलायचा, त्यामुळे जिल्ह्यातल्या बऱ्याच घोषणा उजवीकडे खाली कललेल्या होत्या. सेलू तालुक्यातल्या एका गावात तर घोषणेचा शेवटचा शब्द जमिनीला टेकायला आला होता.

तिसरं चित्राचं काम, आणि तिथे मात्र सोमाजी वेगळाच माणूस व्हायचा. मोठ्या कागदावर आधी चित्र काढायचं, त्याच्या रेघांवर दाभणाने बारीक भोकं पाडायची, कागद भिंतीला लावून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटायची. कागद काढला की भिंतीवर ठिपक्याठिपक्यांचं माणूस. मग चुन्यात रंग कालवून, डिंक घालून ते भरायचं. पण त्याआधी तो भिंतीवर बोटाने टकटक करून कान लावायचा, आपण टरबूज बघतो तसा. "ही औंदा पडते," असं म्हणून त्याने कितीतरी भिंती नाकारल्या. त्यातल्या बऱ्याच पडल्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. आणि एका भिंतीला पास करून त्याने अख्खं कुटुंब रंगवलं, ती आठवड्यात बसली. त्यावर त्याचं म्हणणं, "माह्या चित्रानं नाई पडली. तुमच्या घोषणेचं वजन झालं तिले."

कामावर असताना तो कुणाच्या घरचा चहा घेत नसे. गावात माझ्यासाठी कपबशीतून चहा येई आणि त्याच्यासाठी कोनाड्यात वेगळा ठेवलेला पेला उतरवला जाई. तो म्हणायचा, "मी रंगावर असताना चाय पेत नाई, हात हालते." मी वर्षभर ते खरं मानलं. इतकंच काय, माझा हात सुतळी धरताना चहामुळे हलतो की काय, म्हणून मीही काही दिवस चहा सोडून पाहिला. मग एकदा बोरगावात, त्याच्या वस्तीतल्या समाजमंदिराची भिंत रंगवताना, त्याने शिडीवर बसून लागोपाठ तीन कप चहा घेतला आणि हात तसूभर हलला नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. सोमाजीच्या घरच्यांनी छप्पन्नसालीच बौद्ध धम्म घेतला होता. गावंही ते जाणून होती आणि पेलेही. मीच तेवढा जाणत नव्हतो. त्यानंतर मीही रंगावर असताना चहा घेणं बंद केलं. सोमाजीने दोन-तीनदा माझ्याकडे पाहिलं. मग पुढच्या वेळी येताना त्याने घरून थर्मास आणला.

"भिंत कोनाचीई असो, तिच्या समोरचा रस्ता साऱ्याईचा हाय," हे त्याचं आवडतं वाक्य. आणि रस्त्यावरच्या माणसाचं भिंत काय करते, हे मी त्याच्याबरोबर सिंदी मेघ्यात पाहिलं. तिथे एका वळणावर लांबच लांब भिंत होती आणि येणारा-जाणारा प्रत्येक पुरुष तिथे आडोशाला उभा राहायचा. नाकाला रुमाल लावल्याशिवाय तिथून जाता येत नसे. घरमालक रडकुंडीला आला. अशा ठिकाणी लोक देवांची चित्रं लावतात. मालकानेही सोमाजीला तेच सांगितलं. सोमाजी म्हणाला, "मी देव नाई काढत. पन तुमचं काम करून देतो."

त्याने तिथे पुरुषभर उंचीचे एक गुरुजी काढले. काळी टोपी, चष्मा, हातात छडी, आणि नजर थेट समोर उभ्या राहणाऱ्याच्या तोंडावर. हे गुरुजी सिंदी मेघ्यातच राहायचे. तिथल्या तीन पिढ्यांनी त्यांचा मार खाल्लेला. चित्र पुरं झालं त्या दिवसापासून एकाही माणसाची तिथे उभं राहायची टाप झाली नाही. एक चांगला तालेवार कंत्राटदार सवयीने सायकल लावून वळला, वर बघितलं आणि "नमस्कार गुरुजी" म्हणून सायकल घेऊन निघाला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. खुद्द गुरुजी बघायला आले. त्यांनी चित्र आपादमस्तक तपासलं आणि म्हणाले, "कोटाचं खालचं बटन लावलेलं नाही. शोभत नाही ते." सोमाजीने मुकाट्याने शिडी लावून बटण लावलं. तोही त्यांचाच विद्यार्थी होता. वर्षभरात तिथे एक न्हावी बसायला लागला, मग चहाची गाडी आली, आणि लोक त्या वळणाला गुरुजी चौक म्हणू लागले. मी तिथे माझीही एक घोषणा लिहून घेतली होती. न्हाव्याने तिच्यावर आरसा टांगला.

आता गिरजाबाईंकडे यायला हवं.

खात्याचं ठरलेलं चित्र म्हणजे आई, बाप, एक मुलगी, एक मुलगा आणि मागे उगवता सूर्य. सोमाजी हे चित्र गावोगाव काढत असे, आणि प्रत्येक चित्रातली आई एकच होती. जरा रुंद कपाळ, हनुवटीवर तीळ, आणि हसू आवरून धरल्यासारखी जिवणी. बोरगावला त्याच्या घरी पहिल्यांदा गेलो तर दार त्याच आईने उघडलं. मी इतका दचकलो, की नमस्कार करायच्या ऐवजी, सभेत म्हणतो तसं, "माता-भगिनींनो" म्हणून मोकळा झालो. गिरजाबाई आत पळाल्या आणि बराच वेळ आतून भांडी पडल्यासारखं हसू ऐकू येत होतं.

मी सोमाजीला विचारलं, की सगळीकडे वहिनीच का? तो म्हणाला, "दुसऱ्याच्या बाईकडं इतका वखत टक लावून पाह्यलं तं मार खाईन ना, साहेब." बाप अर्थातच तो स्वतः होता. फक्त भिंतीवरच्या बापाला दाट कुरळे केस होते. त्याबद्दल विचारलं तर म्हणायचा, "खात्याचं चित्र हाय. जरा बरं दिसलं पायजे."

पण खरी गोष्ट अशी होती, की गिरजाबाईंना मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. सोमाजीची आई दरवर्षी गावाहून यायची ती दुसरी सून आणायचा विषय घेऊनच. एकदा माझ्यासमोरच ती म्हातारी म्हणाली, "साऱ्या जिल्ह्याले लेकरं काढून देते, घरात एक नाई." सोमाजीने ऐकून घेतलं, थर्मास भरला आणि मला म्हणाला, "चाला साहेब." त्या दिवशी त्याने रंगवलेल्या मुलीच्या फ्रॉकवर इतकी फुलं काढली, की निळा रंग संपला. गिरजाबाई कुणाच्या बारशाला जात नसत. म्हणजे बोलावणं येई, पण जाऊन एका बाजूला उभं राहायचं आणि पाळण्यापाशी कुणी बोलवत नाही हे बघत घरी यायचं, हे त्यांनी बंद केलं होतं. भिंतीवर मात्र त्या गावोगाव दोन मुलांना धरून उभ्या होत्या. ज्या चित्राने लोकांना मुलं कमी करायला सांगायचं, त्यातच या माणसाने आपला संसार थाटला होता, आणि मी खात्याचा शहाणा त्याखाली घोषणा रचत होतो.

केळझरच्या अलीकडे एक लहान गाव आहे. तिथे रस्त्याला लागून असलेल्या घरावर आमचं असंच चित्र होतं. त्या घरच्या म्हातारीला, सखूबाईला, शेणाच्या गोवऱ्या थापायला जागा हवी होती. तिने विचार करून बापावर गोवऱ्या थापल्या. पुढे मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "बाप तं काई कामाचा दिसे ना." त्यामुळे भिंतीवर राहिली ती फक्त आई, दोन बाजूंना दोन लेकरं, आणि डोक्यामागे सोमाजीच्या हातचा पिवळाधमक सूर्य. गावाने बघितलं आणि गाव जे समजायचं ते समजलं. सखूबाईच्या सुनेला काही वर्षं मूल नव्हतं. सखूबाईने त्या आईला हळदीकुंकू लावून नवस बोलला, आणि सुनेला दिवस गेले. मग काय विचारता! आजूबाजूच्या गावांतून बायका यायला लागल्या. नारळ फुटू लागले. कुटुंब नियोजनाच्या चित्रापुढे उभं राहून बायका मुलं मागत होत्या. आणि चित्राखाली माझी घोषणा होती. तिच्यावर लोक उदबत्त्या खोचत.

डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून विचारलं, "तुम्ही प्रचार करता की देवस्थान चालवता?" मी म्हणालो, "साहेब, बघतो." हे माझं नोकरीतलं सर्वांत जास्त वापरलेलं वाक्य.

सोमाजी तर हादरलाच. देव काढत नाही असं सांगून गुरुजी काढणारा माणूस, आणि त्याच्या घरातलीच देवी झालेली. वस्तीतल्या बैठकीत एका जाणत्याने त्याला सगळ्यांदेखत ऐकवलं, "आपन देव सोडले अन् तू नवी घडवून राह्यला?" सोमाजीने त्यावर एक अक्कल लढवली आणि मलाही ती फार पटली. देवीला काय नसतं, याचा आम्ही दोघांनी बसून विचार केला. मग तिथे जाऊन त्याने बाईच्या मनगटावर एक मोठं पट्ट्याचं घड्याळ काढलं आणि पायात चपला काढल्या. "आता कोन पाया पडन?" तो म्हणाला. माझ्या मते ही प्रचारकार्यातली एक नवी दिशा होती, आणि तसा अहवालही मी लिहिला.

महिन्याभराने गेलो तर गर्दी दुप्पट. बायका तिला 'घड्याळवाली माय' म्हणायला लागल्या होत्या. ती टायमावर पावते, असं सखूबाईने मला समजावून सांगितलं. भिंतीपुढे लोकांनी लहान मुलांच्या चपलाही वाहिलेल्या होत्या. डॉक्टरसाहेबांचा हुकूम आला, की चित्रावर चुना मारा.

हुकूम नसता तरी सोमाजी चुना मारणारच होता. कारण बातमी बोरगावला पोचली होती आणि नळावरच्या बायका हसत होत्या. "जिले सोताले नाई, थे दुसऱ्याईले देऊन राह्यली," असं त्या गिरजाबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. सोमाजी मला म्हणाला, "साहेब, मी तिले साऱ्या जिल्ह्यात मोठं करायले गेलतो. हसू करून ठेवलं तिचं. ह्या भिंतीपासून सुरुवात करतो, मंग साऱ्या पुसतो." त्याचा आवाज असा उतरलेला मी कधी ऐकला नव्हता. पण गिरजाबाई म्हणाल्या, "पुसजा. पन पुसाच्या पह्यले मले एकडाव दाखवा. मी तं मले कधी पाह्यलंच नाई."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की भिंतीवरची गिरजाबाई जिल्हाभर फिरली, पण घरातल्या गिरजाबाईंना बोरगावाबाहेर कुणी नेलं नव्हतं. एसटीने आम्ही तिघं गेलो. सोमाजीच्या मांडीवर चुन्याचा डबा, माझ्या मांडीवर हुकुमाचा कागद असलेली पिशवी. गिरजाबाई खिडकीशी बसल्या होत्या आणि रस्त्यात कुठलीही भिंत दिसली की बघत होत्या.

दुपारची वेळ, भिंतीपाशी फक्त सखूबाई. गिरजाबाई चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. सखूबाईला वाटलं, नवसाला आलेली बाई. तिने कुंकवाचा करंडा पुढे केला. "लाव बाई, कुकू लाव."

"मी नाई लावत," गिरजाबाई म्हणाल्या.

"काऊन? लेकरं हायेत?"

"नाई."

"मंग तं लावच."

"कशी लावू, माय? मीच हाय थे."

सखूबाईने डोळे बारीक करून एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा गिरजाबाईंकडे. हनुवटीवरचा तीळ तिने बोट लावून पाहिला. मग विचारलं, "गाव कोनतं तुमचं? कोन लोकं तुमी?" गिरजाबाईंनी मान खाली न घालता सांगितलं. बोरगाव मेघे. आमी बौद्ध.

सखूबाई तशीच वळून घरात गेली. मी लगेच ओळखलं, की ती घरातल्या पुरुषांना बोलवायला गेली. मी पिशवी खांद्याला अडकवली आणि एसटीची वेळ काय, ते आठवू लागलो. संकटात माझं डोकं एसटीच्या वेळापत्रकाच्या पलीकडे जात नाही. सोमाजी मात्र गिरजाबाईंच्या पुढे येऊन उभा राहिला.

सखूबाई बाहेर आली ती सुनेला घेऊन. सुनेच्या कडेवर पाच-सहा महिन्यांचं मूल होतं. सखूबाईने ते सुनेच्या कडेवरून काढलं. सून क्षणभर घुटमळली, हे मी पाहिलं. सखूबाईने तेही पाहिलं आणि तिच्याकडे नुसती एक नजर टाकली. मग गिरजाबाईंना म्हणाली, "बस खाली. तुह्या तोंडाकडं पाहून मागतलं होतं मी हे. तुह्या मांडीवर नाई देऊ, तं कोनाच्या देऊ?"

गिरजाबाई भिंतीखाली मातीतच बसल्या. मूल मांडीवर आलं, त्याने त्यांच्या तिळाला हात घातला आणि दोन मिनिटांत त्यांचं लुगडं भिजवलं. त्यावर गिरजाबाई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. मलाही आवरेना. सरकारी माणसाने रस्त्यात असं रडू नये, म्हणून मी तोंड फिरवून माझीच घोषणा वाचत उभा राहिलो. पहिल्यांदाच ती लांब असल्याचा उपयोग झाला.

सोमाजी काठीने डब्यातला चुना ढवळत होता. बराच वेळ नुसता ढवळत होता. मग म्हणाला, "साहेब, चुना नासला."

चुना नासतो, हे मी त्याआधी आणि त्यानंतर कुणाकडूनही ऐकलेलं नाही. पण अहवालात मी तेच लिहिलं, 'चुना नासल्यामुळे काम होऊ शकले नाही.' डॉक्टरसाहेबांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं माझ्याबद्दलच्या सगळ्या आशा त्या दिवशी सोडल्या. थोड्या दिवसांनी त्यांची बदली झाली आणि त्या भिंतीची आठवण कुणाला राहिली नाही.

एका दुपारीत गाव बदललं, असं मात्र मी सांगणार नाही. घड्याळवाली माय कुठली आणि कोण, हे कळल्यावर निम्म्या बायका यायच्या बंद झाल्या. कुणीतरी भिंतीपुढे गोमूत्र शिंपडून गेलं. सखूबाईने त्याला रस्त्यात उभं राहून अशा शिव्या घातल्या, की परत कुणी गेलं नाही. हळूहळू नारळ थांबले, उदबत्त्या थांबल्या. बोरगावच्या नळावर बायका अजून काही दिवस हसल्या, पण गिरजाबाईंनी नळावर सांगून टाकलं, की मी केळझरकडं नातवाले पाहाले जातो. आणि त्या खरंच जायच्या. सोमाजीची आई पुढे आली तेव्हा सोमाजीने दुसरीचा विषय काढूच दिला नाही. बाकीच्या भिंतीही पुसल्या नाहीत. त्या आपोआप गेल्या. कुठे पाऊस, कुठे नवं प्लास्टर. मग छापील पोस्टरं आली, तेलरंगाचे पत्र्याचे बोर्ड आले, आणि खात्याला पेंटर लागेनासा झाला. मला बढती देऊन कार्यालयात बसवलं. तिथे मी कमी नुकसान करीन, असा त्यांचा अंदाज असावा.

पुढे ऐंशीचं दशक निम्मं उलटून गेल्यावर मी केळझरच्या गणपतीला चाललो होतो. बायको आणि तिन्ही मुलं बरोबर. त्या गावाशी आलो तशी मी जीप थांबवायला सांगितली. मुलांना म्हटलं, चला, तुम्हाला तुमच्या बापाची कविता दाखवतो.

कविता केव्हाच गेली होती. पण चित्र ताजं होतं आणि शिडीवर सोमाजी होता, पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. दरवर्षी होळीनंतर तो येऊन रंग देऊन जायचा, हे मला माहीत नव्हतं. भिंतीसमोर कडुनिंबाखाली गिरजाबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते, डोळ्यांवर चष्मा होता. मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवरच्या गिरजाबाईंचेही केस पांढरे व्हायला लागले होते, तिथेही चष्मा होता. मनगटावर घड्याळ होतंच. गोवऱ्या निघाल्या होत्या आणि बाप परत आला होता. त्याचे केस मात्र अजून दाट आणि कुरळेच होते.

मग मी भिंतीवरच्या मुलांकडे पाहिलं. मुलगी आता फ्रॉकात नव्हती. दोन वेण्या, पांढरी ओढणी, छातीशी पुस्तकं धरलेली. मुलगा आईच्या खांद्याला लागला होता, आणि त्याची हाफपँट जाऊन फुलपँट आली होती. सोमाजीने दरवर्षी दोघांना थोडं थोडं वाढवलं होतं.

त्याचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. तो मुलाच्या तोंडाशी ब्रश धरून थांबला होता. मान वळवून त्याने खाटेकडे पाहिलं.

"काऊन वो, पोराले मिसरूड काढू का औंदा?"

गिरजाबाईंनी चष्मा वर सारून मुलाकडे नीट बघितलं.

"इतक्यात नोका काढू," त्या म्हणाल्या. "पह्यले मॅट्रिक तं होऊ द्या."

"बरं," सोमाजी म्हणाला, आणि एक पायरी खाली उतरून पोराच्या खिशाला पेन काढायला लागला.